सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीर चक्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राण्यांच्या शौर्याबद्दल २६ जानेवारीच्या आसपास जे मेसेज फिरतात, त्यात एक चित्र ठरलेलं असतं: रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत निघालेला अधिकारी. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केल्याबद्दल मिळालेल्या परमवीर चक्राचं त्यांचं मानपत्र वाचायला घेतलं तर हाती लागतं ते घड्याळ. किती वाजता काम सुरू झालं, किती वाजता थांबलं, मध्ये कोणता अडथळा काढला. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाने हजेरीवही लिहावी, तसा तो मजकूर आहे. पुढची उत्तरं त्या हजेरीवहीच्या आधाराने दिली आहेत.

राणे मूळचे कुठले?

घराणं कारवार तालुक्यातल्या चेंडिया गावचं. वडील राघोबा पोलिसात शिपाई होते, त्यामुळे बदलीची नोकरी. रामाचा जन्म २६ जून १९१८ रोजी हावेरीत झाला, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात. १९३० च्या सुमारास चळवळीच्या वाऱ्याने पोरगा भारावला, तसं वडिलांनी बिऱ्हाड गावी हलवलं असं सांगतात. पोलिसाच्या घरात सत्याग्रही नको, एवढाच त्याचा अर्थ असावा. दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा सैन्यात भरती झाला.

म्हणजे ते मराठी, कोकणी की कन्नड?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा एकच उत्तर हवं असतं. घरची बोली कोकणी, घराणं मराठा, गाव आज कर्नाटकात. त्यांच्या जन्माच्या वेळी कारवार आणि धारवाड ही दोन्ही ठिकाणं मुंबई इलाख्यात होती. कारवार म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत. भरती झाली ती बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, अखेरचे दिवस गेले पुण्यात. कारवारकरांनी त्यांना आपलं म्हणावं, गोव्याने म्हणावं, महाराष्ट्रानेही म्हणावं. सीमाप्रश्नाचा दाखला म्हणून मात्र त्यांना वापरू नये.

ते मराठा लाइट इन्फंट्रीचे होते ना?

नाही. ते बॉम्बे सॅपर्सचे (बॉम्बे इंजिनिअर्सचंच दुसरं नाव), म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दळातले. मुख्यालय पुण्याजवळ खडकीला. आडनाव राणे, पदक परमवीर, तेव्हा रेजिमेंट ‘मराठा’च असणार असा हिशेब लोक करतात आणि चुकतात.

सॅपर म्हणजे नेमकं काय करतो?

सैन्याला जिथे जायचंय तिथली वाट उघडतो, आणि शत्रूला जिथून यायचंय तिथली बंद करतो. पूल बांधणं, पूल उडवणं, सुरुंग पेरणं, सुरुंग काढणं. इंजिनिअर दळाचं बोधवाक्यच ‘सर्वत्र’ आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या लढायांत बुरुजाखाली सुरुंग लावणारे लोक असत. काम तेच, साहित्य बदललं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणून बघा. जमिनीवर आडवं पडायचं. संगीन किंवा सळई तिरकी धरून माती टोचत जायचं. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या डोक्यावर बसायचं, म्हणून तिरकी. काही टणक लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. दगड निघाला तर पुढे. सुरुंग निघाला तर त्याच्या खाली दुसरा फसवा सुरुंग बांधलेला नाही ना, हे चाचपायचं. घाई केली तर जीव जातो. आणि सावकाश केलं तर मागे उभे असलेले रणगाडे तोफमाऱ्यात अडकतात. या कामाला अंगात एकाच वेळी दोन विरुद्ध गुण लागतात, आणि ते दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात.

१९४८ मध्ये राजौरीला जायची एवढी गरज का पडली?

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला. श्रीनगरची बाजू आपल्या सर्वांच्या लक्षात राहिली. पीर पंजाल पर्वतरांगेच्या दक्षिणेकडची राहिली नाही. राजौरी नोव्हेंबरमध्ये पडलं आणि तिथे मोठी कत्तल झाली. २४ डिसेंबरला नौशेऱ्याजवळचं झांगड हातचं गेलं. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या फौजेने परतवला. टैन धारच्या चौकीवर नाईक जदुनाथ सिंह त्याच दिवशी धारातीर्थी पडले. १८ मार्चला झांगड परत मिळालं. आता पुढचा टप्पा राजौरी.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगराच्या कडेकडेने, मनावर तवी नदीच्या खोऱ्यातून जातो. पायदळ डोंगरावरून जाऊ शकतं, रणगाडा नाही. रणगाड्यांशिवाय राजौरी पटकन घेणं अवघड, आणि उशीर म्हणजे आत अडकलेल्या माणसांचा घात. शत्रूलाही हे कळत होतं. त्यामुळे त्याने रस्त्याचीच नाकेबंदी केली: झाडं तोडून आडवी टाकली, मोऱ्या उडवल्या, कडे ढासळवले, सुरुंग पेरले, आणि प्रत्येक अडथळ्यावर मशीनगनचा नेम धरून बसला.

८ एप्रिलला काय झालं?

४ डोगरा पलटणीला बरवाली धार, म्हणजे तिथली डोंगराची कड, घ्यायची होती. त्यांच्यासोबत सॅपर्सच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी होती, आणि तिचे प्रमुख सेकंड लेफ्टनंट राणे. कमिशन मिळून जेमतेम चार महिने झालेले.

सकाळी ११ वाजता, नदपूर साउथजवळ, नौशेरा–राजौरी रस्त्याच्या २६व्या मैलाच्या आसपास, राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी थांबली होती. काम सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघं जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः.

इथे एखादा जखमी अधिकारी मागे गेला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. राण्यांनी उरलेल्यांना गोळा केलं, पुन्हा रांगेला लावलं आणि काम सुरू केलं. दिवसभर ते रणगाड्यांच्या आसपास होते. दुपारी साडेचारच्या सुमारास धार डोगरांच्या हातात आली. आसपास शत्रू अजून आहे हे ठाऊक असूनही राणे तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी डायव्हर्जन, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारी वाट, खणायला घेतलं. रात्री १० पर्यंत. शत्रूच्या नजरेसमोर.

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी काय केलं?

९ एप्रिल. सकाळी ६ ला सुरुवात, दुपारी ३ ला डायव्हर्जन तयार. मग रणगाड्यांचा ताफा निघाला आणि राणे सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसले. कॅरियर म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, छोटी गाडी, चिलखत नावापुरतं. अर्धा मैल गेल्यावर रस्त्यात पाइनची झाडं आडवी. खाली उतरले, सुरुंगाने उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले. रस्ता डोंगराला सापासारखा वेटोळे घालत चाललेला (ही उपमा मानपत्रातलीच, सरकारी कागदालाही तिथे राहवलं नाही). पुढे उडवलेली मोरी. काम सुरू करायच्या आधीच मशीनगन सुरू. तरी डायव्हर्जन काढलं. सव्वासहाला उजेड सरत असताना पाच मोठी पाइनची झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे तिथेही सुरुंग उचलायला बसले होते, पण ताफ्याच्या कमांडरने रात्रीपुरता मुक्काम ठोकायचं ठरवलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला पुन्हा त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला ती साफ. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे आणि ढासळलेले कडे. साडेदहाला तेही मोकळे. तिथून रणगाडे रस्ता सोडून नदीपात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोहोचले.

इथे जी गोष्ट घडली ती मला सगळ्यात मोठी वाटते, आणि तिच्यावर कोणी मेसेज करत नाही. रणगाडे निघून गेले होते. ज्यांच्यासाठी वाट काढायची होती ते पुढे पोहोचले होते. पण त्यांच्या मागून अन्न, दारूगोळा, पेट्रोल घेऊन येणाऱ्या ट्रकांना नदीपात्रातून जाता येणार नव्हतं, त्यांना रस्ताच हवा. तेव्हा राणे रस्त्यावरच राहिले. जेवण नाही, विश्रांती नाही, रात्री ९ पर्यंत काम. बघायला आता रणगाडेही नव्हते.

११ एप्रिल. सकाळी ६ ते ११, चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. मग रात्री १० पर्यंत त्याच्या पुढचा.

बेरीज करून बघा: ११ तास, सव्वाबारा तास, सव्वासोळा तास, सोळा तास. चार दिवसांत साधारण पंचावन्न तास, जखमी अंगाने.

रणगाड्याखाली दोरी घेऊन गेल्याची गोष्ट खरी का?

गोष्ट अशी सांगतात: सुरुंगक्षेत्र पार करताना राणे रणगाड्याच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, पोटाखाली शिरले आणि त्याच्याच वेगाने सरपटत पुढे गेले. हातात दोन दोऱ्या. एक ओढली की चालकाने थांबायचं, दुसरी ओढली की चालायचं. डोक्यावर रणगाडा असल्याने गोळ्या लागत नाहीत, आणि पुढची जमीन हाताखाली.

मानपत्राच्या मजकुरात हा प्रसंग नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही. मानपत्र हा काही सगळ्या घटनांचा पंचनामा नसतो. तंत्र म्हणूनही ते सॅपरच्या डोक्यात येण्यासारखंच आहे. फक्त मुलांना सांगताना ‘असं सांगतात’ एवढे दोन शब्द जोडावेत. उरलेल्या चार दिवसांना या एका दृश्याने झाकून टाकू नये, इतकंच म्हणणं.

त्यांनी शत्रूचे किती सैनिक मारले?

मानपत्रात एकाचाही उल्लेख नाही. देशातलं सर्वोच्च युद्धपदक, आणि त्यातली क्रियापदं म्हणजे काढले, उडवले, खणले, मोकळे केले. प्रश्न विचारणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते, हे अनुभवाने सांगतो.

राजौरी १२ एप्रिलला मुक्त झालं की १३ ला?

भारतीय फौजा १२ एप्रिल १९४८ रोजी राजौरीत शिरल्या. राजौरीकर आपला दिवस १३ एप्रिलला पाळतात. त्यामुळे दोन्ही तारखा छापलेल्या दिसतात.

त्याआधी त्यांनी युद्ध पाहिलं होतं का?

पाहिलं होतं, आणि बरंच. भरतीनंतर प्रशिक्षणात सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी मिळाली. नंतर २६व्या डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीसोबत ब्रह्मदेशात, जपान्यांविरुद्ध. माघारीच्या वेळी बुथिडाँगची महत्त्वाची ठिकाणं उडवून देण्यासाठी ज्या तुकड्या मागे ठेवल्या त्यांत राणे होते. काम झाल्यावर नौदल येऊन घेऊन जाणार असं ठरलेलं. नौदल आलं नाही. मग जपानी गस्त असलेली नदी स्वतःच ओलांडून ही माणसं बावली बझारला आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. त्यानंतर हवालदार. १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट.

म्हणजे राजौरीच्या रस्त्यावरचा ‘सेकंड लेफ्टनंट’ हा अकादमीतून नुकता बाहेर पडलेला विशीतला पोरगा नव्हता. हुद्दा नवा, माणूस तिशीला टेकलेला, आणि जवळपास आठ वर्षं खालून वर चढत आलेला. हाताखालच्या जवानाला सुरुंग कसा उचल हे सांगणारा अधिकारी स्वतः कधीकाळी त्याच रांगेत होता.

बॉम्बे सॅपर्समध्ये असं आधी कोणी केलं होतं का?

होय, आणि योगायोग पाहण्यासारखा आहे. १९४१ च्या सुरुवातीला सुदान–अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) बाजूला सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रं शोधून साफ करून घेतली. त्यांची कॅरियर दोनदा सुरुंगावर उडाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, तोच हुद्दा, तेच काम, तेवढेच चार दिवस. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. खडकीला ज्या घरात असे दोन धडे आहेत, तिथल्या रिक्रूटला वेगळं काही शिकवावं लागत नसणार.

परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले किती?

आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. १९४७–४८ च्या युद्धातले पाच: मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह, राणे, कंपनी हवालदार मेजर पिरू सिंह आणि लान्स नाईक करम सिंह. या पाचांतून राणे आणि करम सिंह हेच दोघं पदक स्वतःच्या छातीवर लावायला उरले.

अशोक चक्र आणि परमवीर चक्र यांत फरक काय?

परमवीर रणांगणावर, शत्रूसमोर. अशोक चक्र त्याव्यतिरिक्तच्या शौर्याला. परमवीरच्या खालोखाल महावीर चक्र, मग वीर चक्र.

परमवीर चक्र हे पदक कोणी घडवलं?

सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्म स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, माहेरचं नाव इव्ह; भारतीय सैन्यातले मराठी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, आणि मराठी-संस्कृतात अशा रमल्या की इथे जन्मलेल्यांनी ओशाळावं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर हे काम सोपवलं. दधीची ऋषींनी देवांना आपली हाडं दिली आणि त्यांतून इंद्राचं वज्र घडलं, ही कथा त्यांनी पदकात आणली: ब्राँझच्या चकतीवर चार वज्रं, मधोमध राजमुद्रा, जांभळी फीत. पदकाची स्थापना २६ जानेवारी १९५० ला झाली, पण ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलं गेलं; म्हणूनच १९४८ च्या कामगिरीसाठी राण्यांना ते मिळू शकलं. पहिले मानकरी सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या जावयाचे सख्खे भाऊ निघाले. तो निव्वळ योगायोग.

महाराष्ट्रातल्या आणखी कोणाचा उल्लेख व्हायला हवा?

व्हिक्टोरिया क्रॉसचे दोन मानकरी तरी: रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे, जुलै १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले, आणि अहमदनगरकडचे शिपाई नामदेव जाधव, ज्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्याच सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि जिवंत परतले. हे दोघं मात्र खरोखरच मराठा पलटणींचे. परमवीरांपैकी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात. दोघंही पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे.

राण्यांचं पुढे काय झालं?

ते सैन्यातच राहिले, मेजर पदापर्यंत गेले. कारकिर्दीत पाच वेळा त्यांचा उल्लेख युद्ध-अहवालात झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये निधन, वय ७६.

त्यांचं स्मारक कुठे बघता येईल?

कारवारला, रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर. आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. अनावरण नोव्हेंबर २००६ मध्ये झालं. गोव्याहून खाली जाणारे लोक नौकेसोबत फोटो काढतात आणि पुतळ्याला वळसा घालून निघून जातात. पाच मिनिटं थांबा. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक जहाज राण्यांच्या नावाचं होतं. २३ जानेवारी २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव आहे. २१ बेटं, २१ परमवीर.

नौशेरा–राजौरीचा तो रस्ता आज कसा आहे? जाता येतं का?

जम्मू–अखनूर–सुंदरबनी–नौशेरा–राजौरी–पूंछ असा आजचा राष्ट्रीय महामार्ग १४४ए. सीमेजवळचा भाग आहे, तेव्हा निघण्यापूर्वी तिथली परिस्थिती विचारून घ्यावी. वाटेत चिंगस लागेल. तिथे मोगलांची जुनी सराई आहे. काश्मीरहून परतताना १६२७ मध्ये जहांगीर वारला. मृत्यू लपवून ठेवण्यासाठी नूरजहानने त्याची आतडी काढून इथे पुरली, असं तिथे सांगतात, आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. सराईचे पर्यटक तेवढं ऐकून गाडीत बसतात. तुम्ही बसण्याआधी नौशेऱ्याच्या दिशेला वळणाऱ्या रस्त्याकडे एकदा बघा. ११ एप्रिलला सकाळी ११ वाजता तो इथपर्यंत खुला झाला होता.